हिचे सहा

"काकू, दहा मिनिटं म्हणजे तुमची दहा की घड्याळाची?" होणारा जावई म्हणाला आणि टेबलाभोवती सगळे खदखदून हसले. तिचा हात पातेल्याच्या झाकणावर तसाच राहिला. झाकण तापलेलं होतं, बोटांना चटका बसत होता, पण तो आपल्यालाच बसतोय हे तिला जरा उशिरा कळलं. पोरगा काही वाईट नव्हता. तिसऱ्यांदाच घरी येत होता, जेवल्यावर आपलं ताट आपण उचलायचा, आणि आता आपणही या घरातलेच तर घरातलं काहीतरी बोलावं, एवढ्याच भाबड्या हौसेनं बोलला होता. शब्द त्याचे नव्हतेच. ते त्याला मुलीनं शिकवले होते, मुलीला बापानं, आणि बापाला कुणी शिकवायची कधी गरज पडली नव्हती. एकतीस वर्षं हे घरात चाललं होतं. तिनं पडद्याचं कापड मोजलं की "हिचं माप ना? मग हातभर जास्त आणा." तिनं सहाला निघू म्हटलं की "हिचे सहा की खरे सहा?" अंगवळणी पडलं होतं ते, तीसुद्धा हसायची. पण आज ते बाहेरून आत आलं होतं, एका नीट भांग पाडलेल्या परक्या पोराच्या तोंडून, आणि उद्या त्याच्या पोरांच्या तोंडून येईल हे तिला एकदम लख्ख दिसलं. आपण मेल्यावरही या घरात चुकलेलं माप म्हणून उरणार.

आणि मग ती गोष्ट आलीच. नवरा खुर्चीत मागे रेलला, की समजावं. गोष्ट सांगताना तो फार छान दिसायचा, हे कबूल करायलाच हवं. सत्तरीतही त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा एक तजेला यायचा. "तर ही कारखान्यात मापं तपासणारी. मोठमोठे इंजिनिअर हिच्या दारात ताटकळायचे. आणि मी बांधत होतो गाडीचं इंजिन. या हातांनी, सगळं, शेवटच्या नटापर्यंत. एक माप तेवढं म्हटलं बायकोला घेऊ द्यावं, तिलाही बरं वाटेल. एकच! हिनं सांगितलं, सहा. अकराव्या दिवशी चढावर इंजिन जे खडखडलं ते बसलंच. तेव्हापासून आमच्याकडे सहा दोन प्रकारचे. खरे सहा, आणि हिचे सहा." होणारा जावई डोळे पुसत होता. नवरा खूश होऊन म्हणाला, गाडी तूच घे, मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून आहे, ब्रिटिश आहे, दोन माणसांची, छप्पर काढलं की वारा असा लागतो की बायकोचं बोलणं ऐकू येत नाही. पोरगा हरखला. त्याच्या ओळखीचा एक वर्कशॉपवाला होता, जुन्या गाड्यांतला दर्दी. तो येऊन उचलून नेईल, इंजिन खोलून नव्यासारखं करून देईल.

"इंजिन मी बांधणार," ती म्हणाली.

"अगं, पण मग माप कोण घेणार?" नवरा म्हणाला, आणि पुन्हा हशा पिकला.

"मीच," ती म्हणाली. तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, पण मुलीचं हसू अर्ध्यावरच थांबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ताडपत्री ओढून काढली. धूळ, उंदरांच्या लेंड्या, आणि त्याखाली तो गडद हिरवा रंग, ज्याच्यावर तिनं कधीकाळी जुन्या मऊ साडीनं पॉलिश चढवलं होतं. गाडी तिच्या आठवणीपेक्षा लहान निघाली. नवऱ्यानं ती घेतली तेव्हा लग्नाला तीन वर्षं झाली होती. नोकरी सोडून दूर देशी निघालेल्या त्याच्या वरिष्ठानं जवळजवळ गळ्यातच घातली होती, आणि नवरा महिनाभर पुस्तक वाचून इंजिन खोलत होता. ती संध्याकाळी कारखान्यातून यायची, हात धुवायची आणि इथे येऊन उभी राहायची. मदतीला. या शब्दाचं तिला आता नवल वाटलं. कारखान्यातल्या मापं तपासायच्या गेज रूममध्ये तिनं कधी मदत केली नव्हती, तिथे ती काम करायची. त्या खोलीत बारा महिने एकच तापमान असायचं. बाहेरून आलेला धातूचा तुकडा लगेच मोजायचा नाही, खोलीशी त्याची ओळख होऊ द्यायची. मायक्रोमीटर उघड्या तळव्यात धरायचा नाही, हाताच्या उबेनं तोही फुगतो. तीन वेळा वाचायचं, तिन्ही वेळा सारखं आलं तरच तोंड उघडायचं. इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ, आणि अठ्ठावीस वर्षांत तिच्या अर्ध्या थाऊवरही कुणी बोट ठेवलं नव्हतं. तिचा आकडा आला की वाद मिटायचा. मग ती घरी यायची आणि भाजीत मीठ जास्त झालं की नवरा म्हणायचा, हिचा चमचा. ही दोन्ही माणसं आपणच कशी काय होतो, आणि एकीनं दुसरीला कधी हटकलं कसं नाही, असं तिला ताडपत्री घडी करताना वाटत राहिलं. घडी नीट येईना. तिनं ती तशीच कोपऱ्यात भिरकावली.

इंजिन बाहेर काढायला साखळी-कप्पीवाला मिस्त्री आला. त्यानं आधी नवऱ्याला विचारलं, काय काय सोडवायचं साहेब. नवरा म्हणाला, मालकीणबाईंना विचारा, आणि मिस्त्रीकडे बघून एक डोळा बारीक केला. ती ते बघत होती. दुपारपर्यंत इंजिन लाकडी ठोकळ्यांवर आलं. घरातले पाने सगळे मिलिमीटरचे, आणि ही गाडी इंची, त्यामुळे पहिला दिवस पाने शोधण्यातच गेला. दुसऱ्या दिवशी तिनं ऑइल चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं, सोडवायला घेतलं आणि तिचा हात थबकला. बोल्ट एकसारखे नव्हते. मूळचे काळपट, षट्कोनी. त्यांच्यात हे चारपाच चकचकीत कुठून आले? भांडं आणि इंजिन यांच्यामध्ये एक जाड कागदाचा जोड असतो, तो तिनं स्वतः स्वयंपाकघरात बसून कात्रीनं कापला होता, भोकं नखानं चाचपून. तो जोड नव्हताच. नुसती लाल लुकण फासून भांडं पुन्हा चिकटवलेलं होतं. म्हणजे आपल्यानंतर कुणीतरी हे उघडलं होतं, आणि आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं भांडं खाली काढलं. तळाच्या काळ्या चिकट तेलात एक अर्धगोल चकती पडली होती, झिजून झिजून नखाएवढी पातळ झालेली.

क्रँक म्हणजे पिस्टनच्या उड्यांवर फिरणारा तो जाडजूड वाकडातिकडा दांडा. क्लच दाबला की तो पुढे ढकलला जातो. तो जागचा सरकू नये म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना अशी एकेक चकती बसवतात, तिला थ्रस्ट वॉशर म्हणतात. चकतीच्या एका अंगाला मऊ धातू आणि तेल खेळायला दोन खाचा, दुसरं अंग सपाट पोलादी. खाचांनी क्रँककडे बघायचं. एवढंच. पोरासोरालाही सांगितलं तर कळेल. एक वॉशर भांड्यात पडला होता, दुसरा अजून जागेवर होता. तिनं विजेरी धरली. खाचा दिसेनात. जे दिसत होतं ते पोलाद होतं, क्रँकला घासून घासून आरशासारखं झालेलं. तिनं पिनेनं वॉशर हळूच ढकलून बाहेर काढला, आणि खाचा मागच्या बाजूला होत्या, एकतीस वर्षं इंजिनाच्या भिंतीकडे तोंड करून बसलेल्या, नव्या कोऱ्या. ती तिथेच फरशीवर बसली. वॉशर उलटा घाला की सुलटा, त्याची जाडी बदलत नाही. क्रँकला मागेपुढे हलायला उरलेली जागा मोजली तर आकडा दोन्ही वेळा तोच येतो. सहा थाऊ आले होते. सहाच होते. पोलादानं पोलाद खाल्लं आणि अकरा दिवसांत त्या सहाचे पन्नास झाले, पण ती मोजत होती त्या घटकेला ते सहा होते.

रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आला तो संताप. आणि त्या संतापातून ती दुपार जशीच्या तशी वर आली. नवरा कोपरापर्यंत ग्रीसनं माखलेला, तोंडानं शीळ घालत वॉशर सरकवत होता आणि ती मापाचा डायल हातात धरून शेजारी उकिडवी. तिनं पाहिलं होतं. खाचा आत गेल्या, हे तिनं पाहिलं होतं, आणि विचारलंही होतं: "अहो, हे असंच असतं का?" तो म्हणाला होता, "तू आकडा सांग गं." आणि तिनं आकडा सांगितला होता. कारखान्यात एखादा भाग उलटा बसवलेला दिसला असता तर तिनं माप घ्यायलाच नकार दिला असता, मग समोर कुणी का असेना. इथे ती मूग गिळून गप्प बसली, कारण तो शीळ घालत होता, कारण ती तेव्हा सुखात होती. हेही खरंच होतं, आणि तिनं ते स्वतःपासून लपवलं नाही. पण गप्प बसल्याची शिक्षा वेगळी आणि चुकीचं मोजल्याचा शिक्का वेगळा. पहिली ती भोगायला तयार होती. दुसरा एक दिवसही जास्त कपाळावर नको होता. इंजिन बंद पडलं त्याच संध्याकाळी मित्राच्या घरी त्यानं ती गोष्ट पहिल्यांदा सांगितली होती, आणि सगळ्यांबरोबर तीही हसली होती. तेच आता सगळ्यात जास्त लागत होतं.

तिनं दोन्ही वॉशर पुसले आणि आत जाऊन नवऱ्याच्या पुढ्यातल्या वर्तमानपत्रावर ठेवले. "हे काय?" तो म्हणाला. चष्मा वर करून त्यानं बघितलं, आणि बघता बघता त्याच्या तर्जनीनं त्यातला एक वॉशर उलटून खाचांची बाजू वर केली. न विचार करता, सहज, टेबलावर उपडा पडलेला चमचा माणूस सरळ करतो तसा. तिनं ते बोट बघितलं. त्यानंही आपलं बोट बघितलं.

"तुम्हाला कधी कळलं?" तिनं विचारलं.

त्यानं बोट मागे घेतलं. मग म्हणाला, "तू कामावर होतीस. मिस्त्रीला बोलावलं होतं. त्यानं चेंबर उघडलं."

"कधी?"

"तेव्हाच. दोनतीन आठवड्यांत."

"मग?"

"मग काय..." त्यानं वर्तमानपत्राचा कोपरा दुमडला. "तोवर गोष्ट सांगून झाली होती गं."

तिला वाटलं, अजून काहीतरी येईल. आलं ते एवढंच, की लोक किती हसायचे, त्यात तुझं एक प्रकारे कौतुकच होतं, कारखान्यात तू एवढी मोठी म्हणून तर गंमत यायची, आणि थोड्या वेळानं, आवाज खाली आणून, "पोरीला सांगणार आहेस?"

"मी नाही सांगणार," ती म्हणाली.

त्याचा जीव भांड्यात पडला. तो चटकन उठून म्हणाला, चहा टाकू का. ती शेडमध्ये गेली.

त्यानंतरचे सात आठवडे घरात फार शांत गेले, आणि ती शांतता तिनं त्याच्यासाठी गोड केली नाही. क्रँक घासून गुळगुळीत करायला टर्नरकडे गेला. तो परत आला तेव्हा तिनं तो पाहुण्यांच्या खोलीतल्या पलंगावर धुतलेल्या चादरीवर ठेवला, शेजारी मायक्रोमीटर ठेवला, खिडकी लावून घेतली आणि रात्रभर दोघांना एकमेकांच्या सवयीचं होऊ दिलं. सकाळी मोजलं तर एका जागी अर्ध्या थाऊचा उतार निघाला. तिनं क्रँक पुन्हा टर्नरकडे नेला. "बाई, एवढं कोण बघतं?" तो वैतागून म्हणाला. तिनं त्याच्याच मायक्रोमीटरवर त्याच्याच डोळ्यांनी त्याला वाचायला लावलं. तेव्हापासून तो तिच्याशी बोलताना हातातलं काम खाली ठेवायला लागला. पिस्टन आले, रिंगा आल्या, बेअरिंगं आली, इंजिनाच्या झडपा उघडणारा नवा कॅम आला, आणि घासून कमी झालेलं भरून काढणारे जरा जाड असे नवे थ्रस्ट वॉशर आले. पाठ धरायची, गुडघे बोलायचे, नखांतलं काळं काही केल्या जाईना, आणि ती सकाळी उठायची ती मात्र ताजी. इतक्या वर्षांत आपण कुणावर एवढं मनापासून चिडलो नव्हतो, आणि चिडणं अंगाला एवढं मानवतं हे कुणी सांगितलं कसं नाही, असं तिच्या मनात यायचं. मुलगी एकदा येऊन गेली. पलंगावरचा क्रँक बघून म्हणाली, "आई, पाहुणे बरेच दिवस राहिलेत." मग जरा थांबून, "तू रागावली आहेस का गं?"

"हो," ती म्हणाली.

"माझ्यावर?"

"तुझ्यावर थोडी. बाकीची तुझ्यावर नाही." आणि तिनं मुलीच्या हातात कपडा देऊन पिस्टन पुसायला लावले. मुलीनं ते मुकाट्यानं, छान पुसले.

वॉशर बसवायच्या दिवशी तिनं शेडचं दार आतून लावून घेतलं. खाचा क्रँककडे. बोट फिरवून बघितलं, विजेरी धरून बघितलं, पुन्हा बोट फिरवलं. डायल लावला, क्रँक मागे रेटला, पुढे ओढला. तीन वेळा. हात स्थिर होता. बाहेर नवरा येऊन उभा राहिल्याची चाहूल लागली. दारावर हलकीशी टकटक. "किती आले गं?"

"तुम्हाला कशाला हवाय आकडा?" ती आतून म्हणाली. तो थोडा वेळ तिथेच होता. मग त्याची पावलं दूर गेली. तिनं आकडा कागदावरही लिहिला नाही, तो तिला एकटीला माहीत होता आणि बरोबर होता, आणि काही वेळ तेवढंच पुरेसं वाटलं. मग पुरेसं वाटेना. बंद दाराआडचं खरं कुणाच्या काय कामाचं. खोटं तर टेबलावर, दिव्याखाली, माणसांत वाढलं होतं.

साखळी-कप्पीवाला पुन्हा येऊन इंजिन गाडीत बसवून गेला. त्या रविवारी सकाळी मुलगी आणि होणारा जावई आले. नवरा इस्त्रीचा शर्ट घालून शेडच्या दारात उभा होता, यजमानासारखा. तिनं स्पार्क प्लग काढून नुसत्या स्टार्टरवर इंजिन फिरवलं, तेलाचा काटा वर चढेपर्यंत, प्लग लावले, आणि ती ड्रायव्हरच्या जागेवर बसली. नवऱ्यानं त्या जागेसाठी दोन पावलं पुढे टाकली होती, ती मागे घेतली. नव्या कॅमचा एक नियम असतो. इंजिन सुरू झालं की पहिली वीस मिनिटं ते मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या खाली येऊ द्यायचं नाही; मंद चाललं तर नीट तेल मिळायच्या आत कॅमचं नवं लोखंड झिजून वाया जातं. तिनं मनगटावरचं घड्याळ काढून समोर टांगलं आणि चावी फिरवली. एकदा खोकलं, दोनदा खोकलं, आणि लागलं. पत्र्याची शेड थरारली. तो आवाज कानांतून नाही, बुडाखालून, पाठीच्या कण्यातून वर चढला, आणि तिला इतका आनंद झाला की ती मोठ्यानं काहीतरी ओरडली, जे कुणालाच ऐकू गेलं नाही. फेऱ्यांचा काटा बावीसशेवर आणून तिनं पाय तिथेच धरला.

खडखड नव्हती. एकसंध, भरघोस गर्जना. होणारा जावई टाळ्या वाजवत होता, मुलगी दोन्ही हात तोंडावर धरून हसत होती. आणि तेवढ्यात काचेतून तिला दिसलं, की नवऱ्यानं पोराच्या खांद्यावर हात टाकला, मान जराशी मागे केली, चेहऱ्यावर तो तजेला आला. ऐकू येत नव्हतं, पण ओठांवरून प्रत्येक शब्द कळत होता. तर ही कारखान्यात मापं तपासणारी. सवयीनंच निघालं असेल, कदाचित त्याला कळलंही नसेल. तिनं दाराचा पत्रा तळव्यानं बडवला. "अहो!"

तो वाकून जवळ आला.

"आज खरी सांगा."

"काय?"

"खरी गोष्ट. तिला आणि त्याला."

त्याचा चेहरा उतरला. "तू म्हणालीस ना, सांगणार नाहीस?"

"मी नाहीच सांगत. तुम्ही सांगा."

"अगं, चारचौघांत कशाला? घरात जाऊन बोलू."

"खोटी चारचौघांतच सांगत होतात."

"बंद तरी कर आधी हे!"

"बंद करता येत नाही. वीस मिनिटं."

तो सरळ झाला. मुलीकडे वळून काहीतरी पुटपुटला. "काय बाबा?" मुलगी कानाशी हात नेऊन ओरडली, अजून हसतच. तो पुन्हा काही बोलला, पुन्हा तिला कळलं नाही. त्यानं बायकोकडे पाहिलं, निदान पाय तरी जरा सैल कर, अशा नजरेनं. काटा बावीसशेवर होता.

"मोठ्यानं," ती म्हणाली.

"वॉशर मी उलटे बसवले होते!" तो ओरडला. शेजारच्या घराची खिडकी उघडली. "मी बसवले होते! हिचं माप बरोबर होतं!" होणारा जावई काही न कळून एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. मुलगी आधी हसतच राहिली, बाबांची नवी गंमत म्हणून. मग तिनं बापाचा चेहरा नीट पाहिला, आणि हसू हळूहळू विरत गेलं. नवरा कपाळावरचा घाम पुसून गाडीकडे वळला, झालं ना, असं त्याच्या डोळ्यांत होतं.

"कधी कळलं, तेही सांगा," ती म्हणाली.

त्याची मान लाल झाली होती, इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता, आणि एकदम तो तिला फार म्हातारा दिसला. तिला त्याची दया आली. ती तिच्या चांगल्या ओळखीची दया होती, दरवेळी हीच येऊन ओठांवरचं परत गिळायला लावायची. मुलगी बापासमोर येऊन उभी राहिली होती आणि त्याच्या तोंडाकडे बघत वाट पाहत होती. तिनं अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला नाही. समोर टांगलेल्या घड्याळाकडे बघितलं. चारच मिनिटं झाली होती.